संपूर्ण कृती देण्याचे दुष्परिणाम

मैत्रीत पाककृती दिली जाते ती समोरच्याला स्वयंपाक यावा म्हणून नव्हे, मैत्री टिकावी म्हणून. हे तत्त्व ज्या वस्तीला उमगलं ती वस्ती सुखी राहते. लुसाका शहरातल्या चिलेन्जे भागाला ते फार पूर्वीच उमगलं होतं. म्हणूनच तिथे संध्याकाळी वीज गेली (म्हणजे संध्याकाळ झाली) की दारोदार शेगड्या पेटत, पातेल्यांत मक्याच्या पिठाची न्शिमा घोटली जाई आणि झाकलेले वाडगे या अंगणातून त्या अंगणात निघत. त्या वाडग्यांतून नुसतं कालवण जात नसे, वस्तीतली शांतता व सुव्यवस्थाही जात असे.

पद्धत सोपी होती. वाडगा आला, चव आवडली, की दुसऱ्या दिवशी कुंपणाशी उभं राहून कृती विचारायची. विचारली की सांगायची, कारण नाही म्हणणं असभ्यपणाचं. मात्र सांगताना एक गोष्ट गाळायची, कारण न गाळणं अविचाराचं. काय गाळायचं ते जवळिकीवर ठरे. नवी भाडेकरीण असेल तर मुख्य जिन्नसच गाळावा. समोरच्या घरातली असेल तर जिन्नस सांगून प्रमाण चुकवावं. नवऱ्याची बहीण असेल तर दोन्ही करावं. जिवाभावाच्या मैत्रिणीला मात्र सगळं खरंखरं सांगून, विस्तव कधी मंद करायचा तेवढं सांगायला विसरावं. याच्यापुढे जिव्हाळा जाऊ शकत नाही असा समज होता.

मग घेणारीने घरी करून बघायचं, ते तितकंसं जमायचं नाही, आणि पुढच्या वाडग्याच्या वेळी तिने म्हणायचं, "तुझ्या हाताची चव काही वेगळीच गं." हाताची चव म्हणजे गाळलेल्या जिन्नसाचं सभ्य नाव. देणारीला ते ठाऊक, घेणारीलाही ठाऊक, आणि दोघींना ठाऊक असल्याचं दोघींना ठाऊक. चिलेन्जेत लग्नं मोडलेली आहेत, भाडेकरार मोडलेले आहेत, दोन-तीन चर्चच्या समित्याही मोडलेल्या आहेत. गाळीव कृतीवर उभी राहिलेली मैत्री मात्र मोडल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

अशा सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत न्कांडूने प्रामाणिकपणा आणला.

न्कांडू मूळची उत्तरेकडच्या कासामाची, नवऱ्याच्या बदलीमागून लुसाकाला आलेली. तिची इफिसाशी, म्हणजे दाण्याच्या कुटात शिजवलेली भोपळ्याच्या पानांची भाजी, वस्तीत नावाजलेली होती. ही काही सणासुदीची भाजी नव्हे. कामावरून आल्यावर, पोरांचा अभ्यास आणि नवऱ्याची कुरकुर एकाच वेळी ऐकत करायची रोजच्या रात्रीची भाजी. तिच्या आईने तिला शिकवली ती अशीच, दुसरीकडे बघत. शेजारच्या मुसोंडाकडे त्या भाजीचा वाडगा नेमाने जाई.

मुसोंडा ही न्कांडूची लुसाकातली एकुलती एक म्हणावी अशी मैत्रीण. न्कांडूचा मुलगा कालुबा तापाने दवाखान्यात पडला होता तेव्हा नवरा दौऱ्यावर होता, आणि बाकड्यावर तिच्याशेजारी बसून राहिली होती ती मुसोंडाच. अशा बाईच्या मुलीचं, बुपेचं, लग्न ठरलं, आणि अमातेबेतोची तारीख निघाली.

अमातेबेतोला मुलीकडच्या बायका स्वयंपाकाची भांडी डोक्यावर घेऊन गात-गात नवऱ्यामुलाकडे जातात आणि एकेक झाकण काढून त्याला दाखवतात, की बाबा रे, लग्नानंतर तुला हे असं मिळेल. (मिळत नाही. पण पाहिल्याचं समाधान राहतं.) नवरामुलगा पसंतीची मान डोलावतो. त्याच्या मानेला मात्र कोणी विचारत नाही, बघायचं असतं ते त्याच्या मामाकडे. हा मामा खाण्यात भारी चिकित्सक असल्याची बातमी आली होती. त्याने म्हणे स्वतःच्या बहिणीच्या हातची कोंबडी नापसंत केली होती, तीही बहिणीसमोर.

तेव्हा मुसोंडा कुंपणाशी आली आणि तिने इफिसाशीची कृती मागितली.

न्कांडूने विस्तवाचं तेवढं गाळायला हवं होतं. तिच्या ओठांवर ते आलंही होतं, म्हणजे येता येता थांबवायच्या बेतात होतं. पण तिला दवाखान्यातलं बाकडं आठवलं, आणि त्या भरात तिने पानांपासून विस्तवापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मुसोंडाने सगळं मन लावून ऐकलं आणि घरी जाऊन, अनुभवी बाई करील तेच केलं. काय गाळलंय याचा विचार केला.

विस्तव तर सांगितला होता. म्हणजे गाळलेली गोष्ट दुसरी असणार. तिकडे भेंडीत घालतात तसं राखेचं खारं पाणी असेल, असं धरून तिने ते घातलं. पानं हिरवीगार राहिली आणि चवीला साबणासारखी लागली. मग वाळवलेले बारीक मासे कुटून घातले. त्या रात्री वस्तीतली मांजरं सोडून कोणी त्या घराकडे फिरकलं नाही. मग साय घातली, मग लिंबू पिळलं, आणि मग साय आणि लिंबू दोन्ही घातली. मुसोंडाचा नवरा संध्याकाळी उशिरा घरी येऊ लागला आणि येताना वाटेत कणीस खाऊन येऊ लागला. सांगितल्याप्रमाणे करून बघण्याचा विचार मुसोंडाच्या मनाला शिवला नाही. तेवढी भोळी ती नव्हती.

तिने मग आपली दुसरी शेजारीण नामासिकू हिला विचारलं. नामासिकू पश्चिमेकडची, जिभेची तिखट आणि पुराव्याची पक्की. ती म्हणाली की जी गोष्ट एवढ्या प्रयोगांतही सापडत नाही ती साधी नसणार. एवढी मोठी गोष्ट मैत्रिणीपासून दडवायची म्हणजे कमाल झाली, असंही ती म्हणाली, आणि हे न्कांडूच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणाली.

न्कांडूला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने ठरवलं की मुसोंडाच्या अंगणात, मुसोंडाच्या शेगडीवर, मुसोंडासमोर भाजी करून दाखवायची.

"बघ, आता कूट घालतेय. बघतेस ना?"

"बघतेय गं. तू कर. मी काही डोळे मिटून बसले नाहीये."

भाजी झाली. उत्तम झाली. आणि हेच न्कांडूच्या विरुद्ध गेलं. तेच पातेलं, तीच शेगडी, तेच मीठ, आणि चव अशी. मुसोंडाने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"मधे मी चमचा आणायला आत गेले होते," ती म्हणाली.

"अगं, तेवढ्यात काय होणार?"

"तेच विचारतेय मी. तेवढ्यात काय झालं?"

कुंपणापलीकडून नामासिकूने आणखी एक शंका मांडली. दाणे न्कांडूने घरूनच कुटून आणले होते. कुटताना उखळात आणखी काय होतं ते कोणी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी न्कांडूचा वाडगा परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. चिलेन्जेत रिकामा वाडगा कोणी परत पाठवत नाही. काही नसलं तर दोन टोमॅटो, एखादं कणीस, निदान मीठ तरी घालतात. न्कांडू वाडगा हातात घेऊन कुंपणाशी गेली. मुसोंडा कपडे वाळत घालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"कालुबाच्या वेळी मी बाकड्यावर बसले," ती हातातल्या चादरीला म्हणाली, "आणि मला तू नव्या भाडेकरणीच्या रांगेत बसवलंस. विस्तवाचं लपवलं असतंस तर मी एका शब्दाने बोलले नसते. तेवढा तुझा हक्क होता."

"मुसोंडा, मी काहीच लपवलं नाही गं."

"आणि वर हे. असू दे. शनिवारी भांडी उचलायला बायका पुष्कळ आहेत. तू उगीच दमू नकोस."

अमातेबेतोला बोलावणं नाही. न्कांडू घरात आली आणि शेगडी न पेटवता बसून राहिली. कासामा सोडताना तिला जे वाटलं नव्हतं ते आता वाटलं, की आपण परक्या गावात आहोत. नवऱ्याने विचारलं काय झालं. तिने सांगितलं. नवरा म्हणाला, एका भाजीवरून? पुरुषांना मैत्रीतलं फारसं कळत नाही हे लक्षात घेऊन तिने ते सोडून दिलं.

शेवटी ती बा लुकोंदे ('बा' हे तिकडे आदरार्थी) यांच्याकडे गेली. ही म्हातारी लग्नाळू मुलींना संसार शिकवायची. वस्तीतल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यांना तिने न शिकवताच नापास केलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काहीच ठेवलं नाहीस मागे?"

"नाही, आजी. सगळं सांगितलं."

"विस्तवाचंसुद्धा?"

"विस्तवाचंसुद्धा."

म्हातारीने डोक्याचं फडकं सारखं केलं. "मग ती बिचारी तरी काय करणार. रागवायला तिला जागा ठेवली नाहीस, आणि माफ करायलाही ठेवली नाहीस. जा, काय लपवलं होतंस ते आठव, आणि तिच्यापुढे कबूल हो. रडलीस तर आणखी बरं."

न्कांडू निघाली. मुसोंडाच्या दारात पोचेपर्यंत तिला लपवण्यासारखं काही सुचलं नव्हतं. रडू मात्र आलं होतं, तेवढी सोय झाली. मुसोंडा उंबऱ्यावर बसून रात्रीच्या न्शिमाचं पातेलं खरवडत होती. बुडाशी लागलेली तपकिरी खरवड, जी कोंबड्यांना घालतात, ती तिच्या मांडीवरच्या ताटलीत पडत होती.

"खरवड," न्कांडू म्हणाली. "आदल्या रात्रीच्या न्शिमाची खरवड. वाळवून, कुटून, दाण्याच्या कुटात मिसळायची. आईने शपथ घातली होती. मला माफ कर."

मुसोंडाच्या हातातला चमचा थांबला. मग तिचेही डोळे भरून आले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मी नामासिकूला म्हटलंही होतं, बुडाशी काहीतरी आहे म्हणून. ये, आत ये. अशी बाहेर काय उभी?"

शनिवारी न्कांडू पुढच्या रांगेत, मुसोंडाच्या बरोबरीने, डोक्यावर पातेलं घेऊन चालली. तिने गाणीही म्हटली. झाकण निघालं, मामाने न्शिमाचा लहानसा गोळा वळला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि थांबला. सगळ्या बायका थांबल्या. मग तो म्हणाला की अशी इफिसाशी त्याने आजवर खाल्ली नव्हती. (हे अक्षरशः खरं होतं.) न्कांडूने आपल्या वाट्याचा करपट घास गिळला आणि मैत्रिणीच्या कानात म्हणाली, "तुझ्या हाताची चव, मुसोंडा." मुसोंडाने तिचा हात घट्ट धरला.

लग्न निर्विघ्न पार पडलं, आणि त्यानंतर चिलेन्जेत खरवडीचे दिवस आले. कोंबड्यांना खरवड मिळेनाशी झाली. बायका न्शिमा मुद्दाम लावू लागल्या. न्कांडूच्या घरीही काही वेगळं करता येईना, कारण मुसोंडा अधूनमधून वाडग्याची चव घेई आणि डोळे मिटून खरवड ओळखे. पुढे पुढे न्कांडूच्या नवऱ्यालाही खरवडीशिवाय भाजी बुळबुळीत लागू लागली. आईची भाजी करायला न्कांडूला आता वस्तीत एकही शेगडी उरली नाही. मैत्री मात्र पूर्वीपेक्षा घट्ट झाली, आणि हिशेब मांडला तर व्यवहार फायद्याचाच ठरतो.

वर्षभराने नामासिकूच्या भावाकडे, काब्वेला, काही कार्यक्रम होता. नामासिकूने न्कांडूला सोबतीला नेलं. रात्री भावजयीने ताटात इफिसाशी वाढली. न्कांडूने पहिला घास घेतला आणि तिचा हात ताटातच राहिला. ती आईची भाजी होती. जशीच्या तशी. भावजयीने कृती नामासिकूकडून घेतली होती, आणि नामासिकूने रीतीप्रमाणे त्यातला मुख्य जिन्नस गाळला होता.

"तुम्ही आपलं गोड मानून घ्या," भावजय खालमानेने म्हणाली. "कितीही केलं तरी नामासिकूबाईंच्या हाताची चव काही येत नाही मला."

नामासिकू समाधानाने न्शिमाचा गोळा वळत होती.

न्कांडूने भावजयीकडे पाहिलं, मग नामासिकूकडे पाहिलं. "येईल हो हळूहळू," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा वाढून घेतलं, आणि मग पुन्हा एकदा.

मूळ कृती नष्ट होऊ नये म्हणून ती इथे देत आहोत. भोपळ्याची कोवळी पानं घ्यावीत, देठांचे दोरे सोलून पानं चिरावीत. शेंगदाणे कच्चेच कुटावेत. पाण्यात कूट घालून फेस बसेपर्यंत उकळावं. मग कांदा, टोमॅटो, मीठ आणि पानं घालावीत. पाण्यावर तेल दिसू लागलं की विस्तव मंद करून दाट होऊ द्यावं. झालं. यात काही गाळलेलं नाही. दाणे भाजायचे नाहीत, गूळ नाही, आणि तुमच्या मनात आत्ता येऊन गेली ती हिंग-मोहरीची फोडणीही नाही. तुम्ही ती देणारच आहात, हे आम्हाला ठाऊक आहे. भाजी बिघडली की आमच्याविषयी काय म्हणाल, तेही.