आमच्या पंचायतीचं फुंकायचं मशीन

मी शाळा दुसरीतच सोडली, पण मोलगीच्या बाजारात मला वजनात फसवणारा व्यापारी अजून जन्मायचा आहे! अशी मी गुलाबबाई, आमच्या पाड्यांची सरपंच. मनात आणलं, या पंचायतीची दारू मीच सोडवणार.

पंचायतीची म्हणजे बाज्याची. हा आमचा उपसरपंच. मीटिंगला असा येतो, जसं नुकतं उभं राहायला शिकलेलं वासरू. मी ग्रामसभेत ठराव टाकला. निवडून आलेल्या कुणाचीही, कधीही, चिठ्ठी काढून तपासणी. मशीनमध्ये फुंकायचं. दारू निघाली, तर खुर्ची सोडायची.

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यात आधी बाज्याने! मला वाटलं, माझ्या धाकाने सुधारला.

"झाला ठराव. उठा आता," मी म्हटलं.

"उठा कसं?" आमचे म्हातारे पुजारी वाहरूदादा बसूनच होते. "धार कुठं पडली, गुलाब?"

खरं होतं. सोयरीक असो की भांडणाचा निवाडा, आधी मोहाच्या दारूची धार जमिनीवर, पितरांना. मग पंचांनी एकेक घोट घ्यायचा. तेव्हा गोष्ट पक्की. नाहीतर उद्या हाच बाज्या म्हणणार, काकी, तुझा ठराव कच्चा. म्हटलं, आणा.

पळसाच्या पानांचे दोने फिरले. "सरपंचाचा मान दोन घोटांचा," वाहरूदादा म्हणाले. मानाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

तोंड पुसते न पुसते, तोच ग्रामसेविका संध्याने पिशवीतून डबा काढला. "आजी, मशीन आलंय. पहिली चिठ्ठी आत्ताच काढू?"

चिठ्ठीत माझंच नाव!

मी फुंकलं. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखं मशीन किंचाळलं.

"बिघडलंय ते. बाज्याला फुंकायला लाव."

बाज्याने फुंकलं. शून्य.

"तू घोट घेतला नाहीस?"

"माझा सगळा पितरांना दिला, काकी. सकाळी मोलगीहून मशीन माझ्याच फटफटीवर तर आलं."

नियम माझा, तोंडाला वास माझ्या. "लिही संध्या," मी म्हटलं, "गुलाबबाईने खुर्ची सोडली." मान ताठ ठेवली.

"दादा, ओता धार," बाज्या खुशीत म्हणाला. "हेही पक्कं करून टाका."

वाहरूदादांनी मडकं उचललं, आणि सगळे पंच मशीनकडे बघायला लागले. एकाने दोना पाठीमागे लपवला. एकाला गुडघा आठवला. एकाची म्हैस सुटली होती म्हणे. दादांनी दोना बाज्यापुढे धरला, तर तो चार पावलं मागे.

"घोट नाही, तर पक्कं नाही," म्हणत दादांनी मडकं झाकलं.

आज दोन महिने झाले. माझा राजीनामा कच्चाच आहे, मी खुर्चीवर आहे. बाज्या इतका सरळ चालतो, की लांबून मी त्याला ओळखत नाही. तालुक्याचे साहेब येतात, कौतुक करतात. "आजी, आजवर मशीनवर किती सापडले?"

"एकच," मी सांगते.

नाव विचारलं, की मी चहाचं बघायला उठते.