धुरींचं नाक आणि तिसरा ग्लास

लवू धुरींना ऐन रविवारी सर्दी झाली. सर्दीही अशी, की प्रेमाबाईंनी नाकाखाली धरलेली हिंगाची डबी त्यांनी टाल्कम पावडरची समजून परत केली.

"काहीच वास येत नाही?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"डबी आहे एवढं कळतंय," लवू म्हणाले.

दुसऱ्या कुणाला सर्दी झाली असती तर त्याने काढा पिऊन पांघरूण ओढलं असतं. पण हे नाक साधंसुधं नव्हतं. लवूंनी नोकरीची सगळी वर्षं परदेशी बोटींवरच्या बारमध्ये काढली होती. रिटायर होऊन बोरीवलीत राहायला आल्यापासून सोसायटीत कुणाच्याही मेव्हण्याने दुबईहून बाटली आणली, की ती आधी धुरींकडे यायची. लवू ग्लास उजेडात धरत, डोळे मिटून हुंगत, एक घोट तोंडात घोळवत आणि दहापैकी मार्क देत. त्यांनी सहा दिले तर मालक ती बाटली साहेबाला भेट द्यायचा. नऊ दिले तर कपाटात कुलपाआड ठेवायचा.

आणि आज मुलुंडहून भाऊराव राणे येणार होते. त्यांचा मुलगा माणिक बोटीवर इंजिनीयर. त्याचं आणि धुरींच्या मुलीचं, अनुपमाचं, आपापसात केव्हाच जमलं होतं. अडलं होतं ते भाऊरावांच्या होकारापाशी. भाऊरावांना मुलाने आणलेल्या उंची बाटल्यांचा भारी अभिमान. पहिल्या भेटीत लवूंची कीर्ती ऐकून ते म्हणाले होते, "आमच्या तीन बाटल्यांना मार्क द्या, मग सुपारी फोडू."

"बाबा, सरळ सांगा ना सर्दी झालीय म्हणून," अनुपमा म्हणाली.

"कसं सांगू गो? मीच त्यांना म्हटलंय, ताप असो, पडसं असो, हे नाक कधी रजेवर जात नाही."

"पण असं म्हणालात कशाला?"

"त्यांनी विचारलं नव्हतं," लवूंनी मान्य केलं.

सकाळपासून ओव्याची पुरचुंडी हुंगून झाली, दोनदा वाफ घेऊन झाली, बाम चोळून झाला. बामामुळे डोळ्यांनाही धारा लागल्या, नाक मात्र बंदच राहिलं. शेवटी अनुपमाने तोडगा काढला. बाटलीचा आकार पाहून ओळखलं असं व्हायला नको, म्हणून ग्लास आतून भरून यावेत अशी भाऊरावांचीच अट होती. तेव्हा ग्लास भरताना आईने वास घ्यायचा आणि बाहेर येताना बाबांना कळेल असं काहीतरी बोलायचं.

"मी? मी कधी बुचाला हात लावला नाही," प्रेमाबाई म्हणाल्या. पण मुलीच्या लग्नाचा प्रश्न होता. त्यांनी पदर खोचला.

चहाच्या वेळेला राणे पती-पत्नी आले. भाऊरावांनी खिशातलं दारूचं परमिट काढून आधी टीपॉयवर ठेवलं, कारण सगळं कायदेशीर असावं असं त्यांचं मत होतं. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने आवळलेल्या तीन बाटल्या निघाल्या. जयाबाई आपली फुगलेली, भलीमोठी पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि घर न्याहाळू लागल्या.

पहिला ग्लास घेऊन प्रेमाबाई बाहेर आल्या. "आत जरा धूर झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी गावच्या चुलीसारखा."

"म्हणजे? तुमच्याकडे गॅस नाही?" भाऊरावांनी विचारलं.

"आहे. पण आठवण येते."

लवूंनी ग्लास उजेडात धरला, डोळे मिटले, घोट घोळवला. गरम पाण्याने जीभ भाजावी तसं वाटलं, बाकी काही नाही. "स्कॉच," ते म्हणाले. "धुरावर सुकवलेल्या धान्याची. बेटावरचा माल. साडेआठ."

भाऊरावांनी मांडीवर थाप मारली. "मानलं बुवा."

दुसरा ग्लास आणताना प्रेमाबाई वळून म्हणाल्या, "अनुपमा, संत्र्याच्या साली फेकल्यास का गं?"

"मे महिन्यात संत्री?" जयाबाईंनी विचारलं.

"सालीच आहेत," प्रेमाबाई म्हणाल्या.

"लिकर," लवूंनी निकाल दिला. "संत्र्याच्या सालीची. जेवणानंतर घ्यायची. आठ."

भाऊराव खूश झाले. जयाबाईंनी मात्र एकदा प्रेमाबाईंकडे पाहिलं, एकदा लवूंकडे पाहिलं आणि पर्स घेऊन उठल्या. "तुम्ही एकट्या किती खेपा घालणार? तिसरा मी भरते, चला." दोघी आत गेल्या.

तिसरा ग्लास अनुपमाच्या हाती बाहेर आला. गडद, जांभळट लाल. तिने तो खाली ठेवला, बापाकडे पाहून हताशपणे खांदे उडवले आणि आत निघून गेली. लवू वाट पाहू लागले. वेळ काढायला त्यांनी मार्सेलच्या बंदराचं वर्णन केलं, तिथल्या कप्तानाच्या दाढीचं केलं. स्वयंपाकघरातून आधी कुजबुज ऐकू आली, मग ग्लासवर ग्लास आपटल्याचा आवाज, मग प्रेमाबाईंचं हसू. त्यांना एवढं मोकळं हसताना लवूंनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पण त्या हसण्यातून वाइन कुठली ते काही कळेना.

त्यांनी घोट घेतला. ओलं होतं, इतकंच समजलं.

"काय म्हणता?" भाऊराव पुढे सरकले.

लवूंना ऐन वेळी सुचलं. "मार्क देण्याआधी तुम्हीही घ्या. मालकाचा मान."

भाऊरावांनी घोट घेऊन डोळे मिटले. "वा. फ्रेंच ती फ्रेंच."

"तोंडातला शब्द घेतलात," लवूंचा जीव भांड्यात पडला. "जुनी आहे. लाकडी पिंपात मुरलेली. नऊ."

"जांभळाचं सरबत आहे ते," दारातून जयाबाई म्हणाल्या. "मी घरी केलेलं. गेल्या आठवड्यातच आंबलंय."

भाऊरावांनी ग्लास डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"जया, अगं, चौघांत..." भाऊराव पुटपुटले.

"बाटल्या गुंडाळायचं काम माझं, म्हणून मीच बदलली. एवढी तारीफ ऐकल्यावर नाक तपासून घ्यायला नको?" मग त्या लवूंकडे वळल्या. "आणि ह्यांना विचारू नका. नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना दूध नासलेलं कळत नाही. मी सांगते तशी मान डोलावतात."

भाऊरावांनी मान खाली घातली. "घरात एवढ्या चांगल्या बाटल्या आहेत," ते हळूच म्हणाले. "त्यातली कुठली खरंच चांगली, ते कुणालातरी विचारावंसं वाटतं हो."

लवूंना त्यांची एकदम कणव आली. "बला सर्दी झालीय," ते म्हणाले.

"ते आल्याआल्याच कळलं," जयाबाई म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला 'दबस्कार' म्हणालात."

 पडद्याआड अनुपमा उभी असणार हे लवूंना न पाहता कळत होतं. "पोरीचा ह्यात काही दोष नाही, भाऊराव," त्यांनी सांगितलं. "बढाई माझी होती. सुपारीचं काय ते..."

भाऊरावांनी ग्लासातलं जांभूळ एकदा ढवळून पाहिलं. मग उरलेलं एका दमात संपवलं. "फोडू की. तुम्ही मुलुंडला सांगायचं नाही, मी बोरीवलीला सांगणार नाही. इतकं गुपित ठेवायचं तर नातं हवंच."

पडद्याआड बांगड्या वाजल्या. लवूंनी नाक शिंकरायच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले.

"पण जया," भाऊरावांना आठवलं, "मग खरी फ्रेंच कुठाय? घरी राहिली?"

जयाबाईंनी पर्स मागे सरकवली. आल्या तेव्हा फुगलेली पर्स आता रिकामी होती. प्रेमाबाई सुपारीचं तबक घेऊन आल्या, थोड्या तिरक्या चालीने, आणि ते टीपॉयवर ठेवण्याआधी त्यांनी टीपॉय नीट पाहून घेतला.

"तिला आम्ही साडेनऊ दिले," त्या म्हणाल्या. "दहाच द्यायचे होते, पण बूच निघता निघेना. त्याचा अर्धा कापला."