गुहेतली पाच मिनिटं

दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ आमच्या हॉलमध्ये चौदा बायका, दोन पेट्या आणि एक ढोलकी असते. भजनाची प्रॅक्टिस. हॉल दहा बाय बारा. त्यात नवऱ्याला जागा नाही. (नवरा म्हणजे मी, कडुबा. चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर क्लार्क.) ते दोन तास मी नक्षत्रवाडीच्या बसस्टॉपवर काढायचो. पुढं पुढं तर एसटीचे ड्रायव्हर मला बघून गाडीच थांबवीनात. हा चढत नाही, हे त्यांना पाठ झालं होतं.

म्हणून अकाउंट्समधल्या सत्यमनं जेव्हा विचारलं, "भाऊ, गुरुवारी संध्याकाळी गुहेत येता का? आमचा क्लब आहे," तेव्हा मी वार ऐकला, वेळ ऐकली आणि हो म्हणून मोकळा झालो. गुहा हा शब्द मी मनावर घेतलाच नाही.

आता आपल्या संभाजीनगरच्या माणसाला गुहा म्हटलं की लेणीच दिसते. तिकीट, कठडा, गाईड, माकडं आणि बाहेर उसाचा रस. त्यामुळं क्लबच्या फॉर्मवर 'गुहेचा पूर्वानुभव आहे का?' असा प्रश्न दिसल्यावर मी झोकात लिहिलं, 'आहे. अकरा वेळा.' (घरी जितक्यांदा पाहुणे आले, तितक्यांदा मी वेरूळ पाहिलंय.) 'अडचणीत कोणाला फोन करावा?' याच्यापुढं दीपमालाचा नंबर टाकला. दीपमाला म्हणजे आमची बायको.

"क्लबला एक अनुभवी माणूस पाहिजे होता. लीडर म्हणून," मी घरी सांगितलं.

"कशाचा अनुभव?" दीपमालानं विचारलं. पण तेवढ्यात ढोलकी आली आणि मी सुटलो.

गुरुवारी सत्यमच्या मोटारसायकलवर बसून पैठण रोडच्या बाजूच्या एका डोंगराशी गेलो. क्लबची नऊ माणसं जमली होती. प्रमुख हैदरभाई. भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, आवाज असा की मागच्या बाकावरचा माणूस अजूनही सरळ बसावा.

"तिकीटघर कुठंय?" मी विचारलं.

सगळे खो खो हसले. अनुभवी माणूस गंमत करतोय, असं त्यांना वाटलं. मीही हसलो. मग मला ते भोक दाखवण्यात आलं. आमच्या घरचा कूलर त्यातून आत गेला नसता.

"कडुबाभाऊ, तुम्ही एक्सपीरियन्सवाले," हैदरभाई माझ्या डोक्यावर दिव्याचं हेल्मेट चढवत म्हणाले. "तुम्ही टेल."

"काय टेल?"

"टेल!"

"हो, पण सांगू काय?"

"काही सांगू नका, भाऊ. सबसे पीछे रहना. सगळ्यांच्या मागं, शेवटी. कोणी मागं राहिलं का ते तुम्ही बघायचं." आणि त्यांनी नावांची यादी माझ्या शर्टच्या खिशात कोंबली.

आत सरपटत जायचं होतं. माझी अडचण अशी की पोट टेकलं की हातपाय जमिनीला पोचत नव्हते. तरी सत्यमचे बूट बघत बघत कसाबसा पुढं गेलो. अखेर एका मोठ्या जागेत पोचलो. तिथं उभंही राहता येत होतं. सगळे भिंतीला टेकून बसले.

"अब सुनो," हैदरभाई म्हणाले, "दिवे बंद. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, दिवा लावायचा नाही. मी शिटी मारीन तेव्हाच. असा अंधार बाहेर मिळत नाही."

दिवे गेले. त्या दिवशी आमच्याकडं नळाला पाणी आलेलं, म्हणजे मी पहाटे तीनपासून जागा. आत गारवा, पाठीला गार दगड. मी डोळे मिटले. (उघडे ठेवले तरी तेच दिसत होतं.)

डोळे उघडले तेव्हा अंधार होता आणि शांतता होती. म्हणजे पाच मिनिटं अजून चालूच होती.

मी शिस्तीत बसून राहिलो. पाय आखडला, पण हललो नाही. टेलनंच नियम मोडला तर बाकीच्यांनी कोणाकडं बघायचं? मनात तीनशे आकडे मोजले. शिटी नाही. पुन्हा तीनशे मोजले. मास्तर लोकांचा तास लांबतो, हे ठाऊक होतं, पण इतका?

बाजूला श्वासाचा आवाज येत होता. कोणीतरी खेटून बसलं होतं. मी हळूच हात लावला. दाढी लागली. सत्यम! त्यानं यंदा फॅशनची दाढी ठेवलीय, रोज तेल लावतो. आज विसरला असावा. थोड्या वेळानं माझ्या खिशात काहीतरी चाचपडलं आणि चावण्याचा आवाज आला. भूक लागली असेल बिचाऱ्याला. वासही जरा येत होता, पण दिवसभर काम केलेल्या माणसाला असं बोलू नये.

शेवटी मला राहवेना. मी कुजबुजलो, "सत्यम, एक सांगू? मला गुहेचा काहीएक अनुभव नाही. मला लई भीती वाटतेय."

सत्यम काही बोलला नाही. शहाणा पोरगा. मला धीर आला.

"घरी मी सांगितलं की मी लीडर आहे. खरं म्हणजे मी भजनाला भिऊन आलो. तुझी वहिनी लई बेसूर गाते रे. अठरा वर्षं झाली, मला सांगायची हिंमत होत नाही." मी त्याला आणखी खेटलो. "पण एक आहे. प्रॅक्टिस संपल्यावर घरी गेलो आणि ती गप्प असली, की घर कसं ओकंओकं वाटतं. मग मीच काहीतरी सांडतो. निदान ओरडावी म्हणून."

"म्यँ," सत्यम म्हणाला.

त्याच क्षणी डोळ्यांवर उजेड पडला. समोर मोबाईलची बॅटरी होती आणि बॅटरीच्या मागं दीपमाला. ओढणी कमरेला बांधलेली, गुडघे मातीनं भरलेले. तिच्यामागून नऊवारीतली एक म्हातारी वाकून बघत होती.

"कोणाला सांगताय हे?" दीपमालानं विचारलं.

"सत्यमला."

"सत्यम बाहेर डोंगरावर तुम्हाला शोधतोय."

"मग हा कोण?"

"ही माझी रतन हाय!" म्हातारी ओरडली आणि माझ्या बाजूच्या शेळीच्या गळ्यात पडली. शेळीच्या तोंडातून यादीचा शेवटचा तुकडा लोंबत होता.

"पाच मिनिटं झाली का?" मी विचारलं.

"सव्वा तास झाला!"

झालं होतं असं. शिटी वाजली तेव्हा सत्यमनं मला विचारलं, "भाऊ, निघायचं ना?" मी झोपेतच "हं" म्हणालो. ("झोपेत ते कशालाही हं म्हणतात," दीपमालानं नंतर सगळ्यांना सांगितलं.) मी मागं येतोय असं समजून सगळे बाहेर गेले. बाहेर मोजणी झाली, तर टेलच नाही. हैदरभाईंना वाटलं, अनुभवी माणूस, गुहेच्या पलीकडच्या तोंडानं निघाला असेल. म्हणून सगळा क्लब डोंगराला वळसा घालून तिकडं धावला. जाताना त्यांनी दीपमालाला फोन केला. ती भजन अर्ध्यात टाकून स्कूटीवर आली, तर गुहेपाशी शेळी हुडकणाऱ्या आवडाबाई तेवढ्या उभ्या. दोघींनी एकमेकींना आपापलं काय हरवलं ते सांगितलं आणि सरळ आत शिरल्या.

बाहेर आलो तेव्हा क्लब परतला होता. सत्यम रडवेला झाला होता.

"भाऊ, अकरा गुहांचा एक्सपीरियन्स!" हैदरभाई म्हणाले. "कौनसी गुहा, ते तर सांगा."

"एकच. वेरूळ," मी म्हणालो. "तिकीट काढून."

हैदरभाईंनी माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं. मग त्यांची नजर दीपमालाकडं गेली. ना हेल्मेट, ना दोर, ना सराव.

"ताई, आपको डर नहीं लगा?"

"आत हे आहेत म्हटल्यावर भ्यायला वेळ कुठं होता?" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आणि बेसूर बाईला अंधार काय करतोय?"

त्यानंतर तीन दिवस घरात तिनं एक ओळसुद्धा गुणगुणली नाही. मी दूध सांडून बघितलं, दोन कप फोडले, पण ती ओरडली नाही. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम सुरू झाली. बेसूरच. मी दाराशी उभं राहून अख्खं भजन ऐकलं.

आता दीपमाला क्लबची टेल आहे. भजन बुधवारवर गेलंय. म्हणजे बुधवारी मला घरात जागा नाही आणि गुरुवारी गुहेत. मला मोटारसायकलींपाशी ठेवतात.

परवा ती हेल्मेटचा पट्टा आवळत होती, तेव्हा आवडाबाई आल्या. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, तुमी आत जाताव. मग हे मालक काय करत्यात?"

दीपमालानं जरा विचार केला.

"ते बसतात," ती म्हणाली आणि आत शिरली.

आवडाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांना माझी दया आली असावी.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "बसायला बी मानूस लागतंच की."