चटणी आणि ‘बेटर’

‘बेटर’ हा शब्द एका संध्याकाळीत पोरांच्या डोक्यात असा ठोकीन, की पुढं तहसीलदार झाली तरी विसरायची नाहीत, असं मोहनराव मास्तरांनी सकाळीच जाहीर केलं होतं. निवृत्त झाल्यापासून तलवाड्यातली पोरं रोज दिवेलागणीला त्यांच्या ओसरीवर शिकायला जमत.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. ‘गुड’ एकटा उभा राहतो, ‘बेटर’ला मात्र शेजारी लागतो. कशापेक्षा बेटर, ते सांगायलाच हवं. हे पटवायला त्यांनी फळ्याऐवजी दोन वाट्या मांडल्या! दोन्हींत कारळाची चटणी. एक पत्नी छबुबाईंची, दुसरी शेजारच्या चंद्रभागाबाईंनी वानवळा म्हणून दिलेली.

पोरांनी बोटं बुडवली. एक वाटी चाटूनपुसून लख्ख झाली, दुसरी तशीच राहिली. मग शिवकन्या उठली आणि तिनं ठणठणीत सांगितलं, “चंद्रभागाआजीची चटणी छबुआजीच्या चटणीपेक्षा बेटर हाय.”

वाक्य बिनचूक! मास्तर ‘शाब्बास, अगदी बरोबर!’ असे गरजले, की चुलीपाशी बसलेल्या छबुबाईंच्या हातची भाकरी तव्याऐवजी राखेत पडली.

त्यांनी बाहेर येऊन शेजारची वाटी उचलली, घासली आणि रिकामीच मधल्या भिंतीवर नेऊन ठेवली. रिकामी वाटी! चिमूटभर साखर तरी घातल्याशिवाय शेजाऱ्याची वाटी परत जात नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घटकाभरात चंद्रभागाबाई ती वाटी घेऊन ओसरीवर हजर.

“गुर्जी, रिकामी वाटी कावून? आमचं काय चुकलं?”

आत चूल विझत चालली होती. मास्तरांना रात्रीच्या जेवणाची चिंता लागली आणि त्यांनी भांडण मिटवायचा आपला हुकमी उपाय काढला. ते शिकवू लागले! बेटर म्हणजे चांगलं असं मुळीच नव्हे, असं त्यांनी शांतपणे समजावलं. समजा, दोन पोरं नापास झाली. एकाला दहा मार्क, दुसऱ्याला आठ. दहावाला बेटर खरा, पण नापास दोघंही.

“म्हंजे माझी चटणी नापास हाय?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

“अन् माझी तिच्याहून नापास,” आतून आवाज आला.

पोरांनी दप्तरं उचलून धूम ठोकली. चंद्रभागाबाई तरातरा आत गेल्या. आता एकमेकींच्या झिंज्या धरणार, म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. पण आतून ऐकू आला तो बशांचा आवाज. दोघी चहा पीत होत्या. मास्तर या एका विषयावर त्यांचं पुरतं एकमत झालं होतं. जाताना चंद्रभागाबाईंची वाटी साखरेनं शिगोशीग भरलेली होती.

मग छबुबाईंनी मास्तरांपुढं ताट ठेवलं. ताटात ती राखेतच भाजली गेलेली भाकरी, झटकलेली. बाकी काही नाही.

“एवढंच?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“उपासापेक्षा बेटर हाय.”

उदाहरण इतकं बिनचूक होतं, की मास्तरांच्या ओठांवर शाब्बास आलंच होतं. त्यांनी ते भाकरीच्या तुकड्याबरोबर मुकाट्यानं गिळलं.