बिनक्लचचा ट्रॅक्टर

रंगनाथने परदेशी ट्रॅक्टर घेतला आणि बैल विकायला काढले. ते बघायला आलेला देवळालीचा श्रीमंत नावाचा शेतकरी बाजेवर बसून बशीतला चहा फुरकत होता.

"खोड असल्याबिगर एवढं चांगलं बैल कोन इकतं?"

"खोड न्हाई. ट्रॅक्टर आलाय म्हनून इकतोय."

"मग चालू करून दावा की!"

रंगनाथ ऐटीत सीटवर चढला. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर एकदा कण्हला आणि गप्प झाला. आदल्या संध्याकाळी गावाला दिवे दाखवण्यात बॅटरी संपली होती.

"अवं, बॅटरी भरून आना," बायको मनकर्णा म्हणाली.

"तोवर पाव्हना जाईल. वढून चालू करू."

त्या भागात अडलेला ट्रॅक्टर असाच चालू होई: गिअर टाकायचा, ओढायचा, क्लच सोडायचा. पण याला ना क्लच, ना गिअर. एकच दांडी, आणि तेलाच्या जोरावर फिरणारी चाकं. हे सांगून सांगून रंगनाथनेच गावाचे कान किटवले होते.

बैल जुंपले. दांडी पुढे केली, तर चाकं जाम. मधे आणली, तर ट्रॅक्टर बैलगाडीसारखा निघाला, इंजिन मात्र ढिम्म.

"येग कमी पडतोय," रंगनाथने निकाल दिला. "पाटाच्या पुलावर चढवू. पल्याडच्या उताराला सोडला की झालाच चालू!"

बैलांनी गुडघे टेकत, फुरफुरत ते धूड पुलाच्या भरावावर नेलं. श्रीमंत चहा टाकून बरोबर चालत होता. त्याची नजर आता बैलांवरच होती. वर साखळी सोडली. ट्रॅक्टर पलीकडे निघाला, दांडी पुढे होताच अडला, मधे येताच घरंगळत तळाला जाऊन थांबला. तेल फिरायला इंजिन लागत होतं, आणि इंजिन फिरायला तेलाची वाट बघत होतं.

बैल घेऊन मंडळीही पलीकडे खाली उतरली. "पटलं बैल!" म्हणत श्रीमंतने उपरणं पुढे केलं. त्याखाली भावाची बोटं दाबली गेली, सौदा तिथेच ठरला. रंगनाथने छाती काढून कासरे त्याच्या हाती दिले.

"अन् ह्ये घरी कसं न्यायचं?" मनकर्णाने विचारलं.

रंगनाथने भरावाकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे. "श्रीमंतराव, तेवढं पाटापल्याड वढायला बैल द्या की."

"दिलं असतं वो. पर आता त्यांनी माझी हाक वळखाया पायजे. आजच तुमच्या हाकेवर चालले तर सवय बिघडंल."

श्रीमंत बैल घेऊन निघाला. वळणावर बैल थबकले आणि मागे वळून रंगनाथकडे बघू लागले.

"हाक मारा की!" मनकर्णा कुजबुजली.

रंगनाथ सीटवर ताठ बसला. "येडी का काय? दुसऱ्याच्या बैलाला हाक मारनं बरं दिसतं व्हय?"