तुळसाक्कांची चांदीची वाटी

एका जंगलात एक वाघ राहत होता. पण बाळांनो, या गोष्टीत त्याचं फारसं काम नाही, तेव्हा त्याला झोपू द्या. आपली गोष्ट आहे तुळसाक्का अस्वलिणीची आणि रंगोपंत उदमांजराची.

तुळसाक्कांकडे चांदीची एक वाटी होती. फार पूर्वी एक राजा त्या जंगलात शिकारीला आला होता. तो जेवायला बसला आणि वाघानं डरकाळी फोडली. (झालं वाघाचं काम.) राजा पळाला, भांडी राहिली. त्यातली ही वाटी तुळसाक्कांच्या पणजीला सापडली. वाटीच्या आत आंब्याच्या डहाळीवर बसलेले दोन राघू कोरले होते आणि काठाभोवती नाजूक वेल होती.

जंगलात कुणाच्याही बाळाला दात फुटले की आई त्याला घेऊन तुळसाक्कांकडे येई. आक्का वाटीत मध घालीत. बाळ मध चाटून संपवी, मग तळाचे राघू दिसत. ते धरायला जाई, आणि हाती लागत नाहीत म्हणून चिडून काठ चावी. असा तो काठ साऱ्या जंगलानं चावून ठेवला होता.

रंगोपंत मात्र शिकलेले होते. शहरातल्या एका वस्तुसंग्रहालयाच्या माळ्यावर ते काही वर्षं राहिले होते. खाली मोठमोठे साहेब जुन्या भांड्यांवर बोलत आणि वर पंत कान देऊन ऐकत. परत आले ते जाणकार होऊनच. जंगलात राजाचं जे जे भांडं होतं, ते ते त्यांनी गोड बोलून आपल्या गुहेत आणलं. सांबरांचं मीठ चाटायचं ताट आणलं. माकडं ज्याच्यावर ताल धरत तो तांब्याही आणला.

एके दिवशी ते तुळसाक्कांकडे आले. त्यांनी वाटी नखानं वाजवली. ती बराच वेळ गुणगुणत राहिली.

"अस्सल!" पंत म्हणाले. "आक्का, हे राघू बघा. दोघांचे पंख सारखे नाहीत. एक रेघ खोल, एक उथळ. हे हातानं कोरलेलं काम आहे. यंत्राच्या रेघा कशा, सगळ्या एकसारख्या असतात."

"हो का?" आक्का म्हणाल्या. "मला वाटायचं, एक राघू आजारी आहे."

"अशी वस्तू पोरांच्या तोंडात देता? ही जपायला हवी! माझ्या गुहेत ठेवू. येईल त्याला सांगेन, ही तुळसाक्कांच्या घराण्याची वाटी."

घराणं म्हटल्यावर आक्कांची मान ताठ झाली. आपल्याला घराणं आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं. त्यांनी वाटी दिली.

त्यानंतर बाळांना पळसाच्या पानावर मध मिळू लागला. तो निम्मा ओघळून जाई. बाळं पान खाऊन टाकत आणि त्यांची पोटं दुखत. पण आता आपल्या जंगलात संग्रह आहे, या अभिमानानं आया गप्प बसत.

पुढे बातमी आली, की नदीपलीकडचे धवलशास्त्री बगळे संग्रह बघायला येणार आहेत. चांदीच्या बाबतीत शास्त्रीबुवांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आवराआवरीला मदत करायला तुळसाक्का गुहेत आल्या आणि वाटी बघून किंचाळल्या.

"अगंबाई! ही काळी ठिक्कर कशी पडली?"

रोज वापरात, धुण्यापुसण्यात होती तोवर वाटी लखलखत होती. नुसती बसून राहिली आणि काळवंडली.

"आक्का, काळेपणा ही जुनेपणाची खूण असते," पंत म्हणाले.

"खूण तुमच्या घराण्याला लावा! पाहुणा म्हणेल, तुळसा भांडी घासत नाही!"

आक्का रडायलाच लागल्या. पंत घाबरले. त्या गेल्यावर त्यांनी चिंचेनं वाटी घासली. मग राखेनं घासली. मग नदीच्या वाळूनं घासली. वाटी इतकी चमकली, की त्यांना चेवच चढला. चावलेला काठ त्यांनी दगडानं ठोकून गोल केला.

धवलशास्त्री आले. एका पायावर उभे राहिले. त्यांनी वाटीत एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं.

"गुळगुळीत आहे. नक्षी नाही, वापर नाही. नवी आहे."

"नाही हो शास्त्रीबुवा! इथे दोन राघू होते!"

"उडाले असतील," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि स्वतःही उडाले.

पाहुणा बघायला आलेल्या तुळसाक्कांनी वाटी मांडीवर घेतली. बोट फिरवून राघू शोधले. एक चोच तेवढी बोटाला लागली. तिच्यावरूनच त्या बोट फिरवत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पंतांना वाटलं.

"आक्का, वाटी तुम्ही घेऊन जा," ते खाली बघत म्हणाले. "मला नुसतं ऐकून कळत होतं. हात लावायचं कळत नव्हतं."

त्याच सुमाराला पंतांच्या मुलीला, बकुळीला, दात फुटले. तिला तुळसाक्कांकडे न्यायचं कुठल्या तोंडानं? पंत आक्कांच्या दारातच घुटमळत राहिले. आतून आक्का ओरडल्या, "पंत, पोरीला आणताय ना? की तिलाही गुहेत मांडून ठेवलीत?"

आक्कांनी त्याच वाटीत मध घातला. बकुळीनं तो चाटला, तळाची उरलेली चोच पकडायला गेली, जमेना तेव्हा काठाला कडकडून चावली. आक्का हसल्या. त्यानंतर पोटं दुखून कंटाळलेली सगळी बाळं आली आणि त्यांनी वाटीचा पुरता फडशा पाडला. काठ दातरला. आत इवल्या नखांचे ओरखडे पडले आणि त्यांत मधाची काळी पुटं बसली.

पावसाळा सरला आणि धवलशास्त्री पुन्हा त्या बाजूला आले. आक्कांच्या दारात वाटी वाळत होती. शास्त्रीबुवा थबकले. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर आले.

"काय हे काम! काठावर दंतनक्षी! रेघा सगळ्या असमान, म्हणजे हातानं केलेल्या. अतिप्राचीन! ही माझ्या संग्रहातच शोभेल."

त्यांनी चोच पुढे केली. आक्कांचा चेहरा उतरला. पंत शेजारीच उभे होते. काठावर एका बाजूला बकुळीचे दोन इवले दात स्पष्ट उमटले होते. पंतांनी ते पाहिले आणि घसा साफ केला.

"ही नवी आहे, शास्त्रीबुवा."

"मला शिकवता?"

"छे, छे! आपणच मागच्या खेपेला सांगितलंत. ही तीच वाटी. आपण तेव्हा चुकला होतात, असं म्हणायचं का?"

शास्त्रीबुवांनी एक पाय पोटाशी घेतला.

"मी चुकत नसतो," ते म्हणाले. "नवी आहे. अगदी भिकार काम आहे." आणि ते नदीपलीकडे निघून गेले.

आक्कांनी वाटी आत नेली. वाट बघणारी बाळं केव्हाची रडत होती.

तात्पर्य : बाळांनो, मोठा जाणकार चुकला, तर त्याची चूक कधीही दुरुस्त करू नका. ती नीट जपून ठेवा. संग्रह करावा अशी तीच एक वस्तू आहे.