गुन्हा सुईचा, फाशी धपाट्याला

बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, इंजेक्शनच्या दिवशी शिवलिंगआप्पा सकाळीच काठीने गल्लीतलं दार न् दार वाजवत जायचे. "आज फोडणी न्हाई!"

दुष्काळाचं साल. टँकरपुढे घागरींवरून भांडणं, त्यात हा हुकूम.

"लातूर जिल्हा झाला, तर कलेक्टर तुम्हीच झालात काय, आप्पा?" समोरच्या लतीफाभाभी विचारायच्या.

"झालोच! पहिला तुमचा लसूण जप्त!"

गल्ली त्यांना चक्रम म्हणायची. गल्लीचा मला अजून राग येतो.

काकूंना कॅन्सरची गाठ निघाली होती. पहिलं इंजेक्शन घेऊन आल्यावर आप्पांनी त्यांना आवडतात म्हणून गरम धपाटे खाऊ घातले. रात्रभर उलट्या. तेव्हापासून शेजारी कुणी धपाटं थापलं तरी काकूंना ढवळायचं. डॉक्टर हसून म्हणाले, "मनाचे खेळ आहेत."

आप्पा भडकले. "मन काय भाड्यानं आणलंय व्हय? तिचंच हाय न्हवं!"

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालो तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच कळला नव्हता. मी आप्पांना सांगितलं, "हा हट्ट नाही. पोट बिघडण्याआधी जे खाल्लं, त्याच्यावर शरीर आळ घेतं. शरीरही शिकतं, आप्पा."

"म्हंजे गुन्हा सुईचा अन् फाशी धपाट्याला?"

"तसंच."

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्या दिवशी काकूंना नुसती पेज आणि लिंबाची गोळी. गोळी पुढे करत म्हणायचे, "आळ यायचाच तर हिच्यावर येऊ दे. जाऊ दे हिलाच फाशी!" कुणाच्या वरणाचा वाससुद्धा त्यांना नको होता. लतीफाभाभींची खिचडी उंबऱ्यावरूनच परत गेली. "परवा आणा, भाभी. आज खाल्ली तर खिचडीच तिची वैरीण व्हईल." भाभी आठवडाभर बोलल्या नाहीत.

काकू वाळत चालल्या होत्या. एकेक पदार्थ असा गेला, तर बाई जगणार कशावर? हे कुणी विचारलं नाही. फोडणी मात्र सगळ्यांना हवी होती.

काकूंचा जीव हुग्गीवर, गव्हाच्या गुळातल्या खिरीवर. ती आप्पांनी घरात शिजूच दिली नाही, सणालासुद्धा. म्हणायचे, "तेवढी तरी वाचू दे."

इंजेक्शनं संपली. महिन्याने आप्पांनी स्वतः हुग्गी शिजवली, वाटी काकूंपुढे ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बघवेना त्यांना. मी दारात उभा. चमचा वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"गूळ कमी पडलाय," काकू म्हणाल्या.

आप्पा उठले. काठी घेतली आणि भरल्या डोळ्यांनी, त्याच दरडावण्याच्या आवाजात गल्लीभर दारं ठोकत सुटले.

"ऐकलं का? गूळ कमी पडलाय म्हणती!"